परदेशात एकटीने रेल्वेने: त्या मेसेजमधली भीती भलत्याच जागी आहे

‘परदेशात एकटे असाल तर रेल्वेच्या नादी लागू नका’ असा एक लांबलचक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: भाषा येत नाही म्हणून हरवाल, एक गाडी चुकली की पुढचं सगळं कोलमडेल, सामान चोरीला जाईल, रात्रीची गाडी बाईमाणसासाठी नाहीच, आजारी पडलात तर कुणी नाही, आणि एवढं सोसून पदरात पडेल तो एकटेपणा. मी युरोपात एकटीने रेल्वेने फिरले आहे. सांभाळण्यासारख्या गोष्टी आहेतच, पण मेसेजने बोट ठेवलंय ते बहुतेक चुकीच्या गोष्टींवर. असलं काही वाचून कुणी निघायचंच रद्द करतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी भाषा. स्टेशनवर लागतं ते बरंचसं आकड्यांत असतं: गाडीचा नंबर, सुटायची वेळ, प्लॅटफॉर्म, डबा, सीट. टोकियोच्या मेट्रोत तर स्टेशनांनाही नंबर आहेत. गिन्झा मार्गावरचं गिन्झा म्हणजे ‘जी ०९’. फसगत होते ती नावांत. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या पाटीवर ‘फिरेंझे’ लिहिलेलं असतं. व्हेनिसची दोन मोठी स्टेशनं, मेस्त्रे आणि सांता लुचिया. घाईत पहिल्यावर उतरलात तर अजून मुख्य भूमीवरच असता, कालवे पुढे राहतात.

याहून मोठा चकवा जर्मनीत आहे आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. मी गेले तेव्हा बर्लिनहून ऱ्हाइन नदीकडे जाणाऱ्या काही आयसीई, म्हणजे जर्मन रेल्वेच्या वेगवान गाड्या, वाटेतल्या हाम स्टेशनात दोन भागांत वेगळ्या व्हायच्या. एक भाग कोलोनला, दुसरा ड्युसेलडॉर्फकडे. मी पहिल्यांदा बसले ती नेमकी चुकीच्या भागात. तिकीट तपासायला आलेल्या बाईंनी माझं तिकीट पाहिलं, दारावरच्या छोट्या स्क्रीनकडे बोट केलं आणि हातानेच ‘पुढे’ अशी खूण केली. दोन्ही भागांमधून आतून जायला वाट नसते, त्यामुळे हामला उतरून बॅग ओढत प्लॅटफॉर्मवरून धावले आणि दुसऱ्या भागात चढले. आमच्यात एकही वाक्य झालं नाही, तरी काम झालं. तेव्हापासून दारावरची पाटी वाचल्याशिवाय मी पायरीवर पाय ठेवत नाही.

‘एक गाडी चुकली की सगळं संपलं.’ हे तर सरळ चूक आहे. युरोपियन युनियनमध्ये ७ जून २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार, सगळा प्रवास एकाच सलग तिकिटावर असेल आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची चुकून मुक्कामी पोचायला तासभर किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल, तर तुम्हाला दुसऱ्या गाडीने पुढे पाठवणं किंवा पैसे परत देणं रेल्वेवर बंधनकारक आहे. एक ते दोन तास उशीर झाला तर भाड्याच्या किमान २५ टक्के, दोन तास किंवा त्याहून जास्त झाला तर ५० टक्के भरपाई मागता येते. टोकाचं हवामान वगैरे अपवाद आहेत. पण स्वस्त पडतं म्हणून दोन टप्प्यांची सुटी तिकिटं दोन वेगळ्या ठिकाणांहून काढलीत, तर हे संरक्षण मिळत नाही. भीती दाखवायचीच होती तर इथे दाखवायला हवी होती. शिवाय दिवसाच्या शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नये, एवढं मी स्वतःपुरतं पाळते.

सामानाबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. जपायचं ते गाडी स्टेशनात उभी असताना, दारं उघडी असताना. एकट्या माणसाची खरी अडचण म्हणजे बाथरूमला जाताना बॅगेवर लक्ष कोण ठेवणार? म्हणून पासपोर्ट, कार्ड आणि फोन अंगावरच ठेवायचे, आणि बॅग अशी घ्यायची की स्वतःला उचलून वरच्या फळीवर ठेवता येईल.

रात्रीची गाडी? ऑस्ट्रियन रेल्वेच्या नाइटजेटमध्ये फक्त बायकांसाठीचे कंपार्टमेंट आरक्षित करता येतात. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या गाड्यांत एका माणसापुरती, आतून बंद होणारी छोटी केबिनही आहे.

आता एकटेपणा. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झहून इटलीतल्या तिरानोला जाणारी गाडी २,२५३ मीटरवरच्या ओस्पिझिओ बर्निना स्टेशनावरून ४२९ मीटरपर्यंत उतरते. पर्यटकांच्या महागड्या पॅनोरमा गाडीत खिडक्या उघडत नाहीत; त्याच रुळांवरून साधी गाडीही धावते, तिला आरक्षण लागत नाही आणि जुन्या डब्यांच्या काचा खाली करता येतात. बर्फावरून येणारा वारा तोंडावर घेत मी अडीच तास कधी या, कधी त्या खिडकीशी उभी होते. ‘खिडकी लाव’, ‘बस आता’ म्हणणारं कुणी नव्हतं. खाली ब्रुझिओला दगडी कमानींच्या गोल पुलावर गाडीने वळसा घेतला, तेव्हा समोरच्या अनोळखी आजींनी माझी बाही ओढून आमच्याच गाडीचे पुढचे डबे दाखवले.

आजारपणाचा मुद्दा मात्र मी खोडणार नाही. परक्या गावात ताप आला तर पाणी आणून द्यायलाही कुणी नसतं, आणि ती रात्र फार लांब असते. त्यासाठी प्रवास विमा आधी काढते, ११२ हा युरोपियन युनियनभर चालणारा आपत्कालीन नंबर लक्षात ठेवते, आणि अंग कसकसायला लागलं की दुसऱ्या दिवशीचं तिकीट, पैसे गेले तरी, सोडून देते.