राष्ट्र वाचवायचा क्लब कसा काढावा

देश रसातळाला चाललाय असं वाटतंय? मग निवडणुकीला उभे राहू नका. उन्हातान्हात हिंडावं लागतं, आणि एवढं करून लोक आपल्यालाच मत देतील याचा भरवसा नाही. त्यापेक्षा क्लब काढा. नमुना तयार आहे: १९१९ सालचा बर्लिनमधला युनीक्लब, म्हणजे जून क्लब.

नाव रागावरून ठेवा. पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीला झोंबलेल्या व्हर्सायच्या तहावर २८ जूनला सह्या झाल्या, म्हणून 'जून'. संस्थापक शक्यतो सरदार घराण्यातला पाहा. त्यांना हाइनरिश फॉन ग्लाइशेन मिळाले. (जर्मनमध्ये 'ग्लाइश' म्हणजे समान. समतेचा तिटकारा असलेल्या मंडळींना हे आडनाव कसं चाललं, कोण जाणे.)

मग एक विचारवंत हवा. म्योलर फान डेन ब्रुक यांनी दस्तयेव्हस्कीच्या जर्मन ग्रंथावलीचं संपादन केलेलं, त्यामुळे विचारांच्या खोलीचा प्रश्नच नव्हता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: उदारमतवादाने राष्ट्रं मरतात, पक्ष म्हणजे फाटाफूट, संसद म्हणजे बडबड. आणि सनातनी माणसाने जुनंच कवटाळून बसू नये. जतन करण्याजोगं आधी निर्माण करावं. बरणीला दादरा बांधून झाला, कैऱ्या यथावकाश येतील! त्या येईपर्यंत लोकशाही मोडायला घ्यायला हरकत नाही.

अधूनमधून बाहेरचा वक्ता बोलवा. १९२२ मध्ये म्युनिकचा एक हिटलर येऊन बोलून गेला. आपल्या विचारवंतावर, म्योलर यांच्यावर, फारशी छाप पडली नाही. पुढच्याच वर्षी त्यांचं पुस्तक आलं, नाव 'तिसरं राइश', म्हणजे तिसरं साम्राज्य. १९२५ मध्ये ते वारले. नाव मागे राहिलं, आणि ते कुणी उचललं हे तुम्हाला ठाऊक आहेच.

क्लब थंडावला तर खचू नका, आणखी उंची क्लब काढा. १९२४ मध्ये ग्लाइशेन यांनी हेरेनक्लब काढला, म्हणजे थेट साहेबलोकांचा क्लब. त्याचे सदस्य फ्रान्झ फॉन पापेन १९३२ मध्ये चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख झाले, तेही मागे लोक नसताना. यालाच उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, आणि शेळ्या कमी पडल्या की ज्याच्याकडे कळप आहे त्याला बोलवावं लागतं. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर, पापेन उपचॅन्सेलर. दोन महिन्यांत त्याला कोपऱ्यात असा दाबू की चीं चीं करेल, असं पापेन तेव्हा म्हणाल्याचं सांगतात.

जून मात्र विसरू नका. १७ जून १९३४ ला पापेननी मारबुर्ग विद्यापीठात राजवटीवर टीका करणारं भाषण वाचलं. ते लिहून देणारे एडगार युंग यांना पकडून गोळ्या घातल्या. ३० जूनला खुद्द उपचॅन्सेलरच्या कचेरीत त्यांचे सहकारी फॉन बोझं यांना मारलं. पापेन स्वतः घरात स्थानबद्ध.

महिना उलटायच्या आत हिटलरने त्यांना व्हिएन्नाच्या वकिलातीचं पद देऊ केलं. त्यांनी ते घेतलं.