पाहिजेत : अनाथ मुलं, शक्यतो परदेशातली

पदवी हातात पडलेली आहे. अमेरिकेतल्या प्रवेशाला अजून अवकाश आहे. अर्जासोबतच्या निबंधात समाजासाठी काय केलं ते लिहायचं आहे, आणि गणपतीची वर्गणी गोळा केली यापलीकडं काही सुचत नाही. अशा वेळी माणसानं समाजसेवा करावी. फक्त ती कोल्हापुरात करू नये, परदेशातल्या अनाथाश्रमात करावी, एवढं आधीच सांगून ठेवतो.

कोल्हापुरात सेवेला फार अडचणी आहेत. समजा, तुम्हाला तान्ही बाळं मांडीवर घ्यायची उबळ आली आणि तुम्ही एखाद्या शिशुगृहाच्या दारात जाऊन उभे राहिलात. लगेच विचारतात, आपण कोण? परवानगी कुणाची? २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं असल्या प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची केली. मूल तिथं ठेवायचं की घरी पाठवायचं, हे बालकल्याण समिती ठरवते. त्यातलं कलम ७४ तर इतकं खडूस आहे की अशा मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फोटोच टाकायचा नाही म्हटल्यावर सेवा केली हे कळणार कुणाला?

शिकवायचं म्हणाल तर त्याहून वाईट. इथं पहिलीच्या वर्गावर उभं राहायला डी.एड. लागतं, वर टीईटी पास व्हावी लागते, आणि एवढं करून पोरं भरतीच्या जाहिरातीची वाट बघत बसलेली असतात. परदेशात असलं काही नाही. तुमचं इंग्रजी आजवर शिरोली नाक्याच्या पुढं गेलेलं नसलं तरी तिकडं तुम्ही 'टीचर'.

आता कुणी शहाणा म्हणेल, एवढी हौस आहे तर दिवाळीनंतर शिरोळकडच्या नाहीतर करवीरच्या शिवारात जा. बीडकडनं आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडलेल्या असतात. त्यातली पोरं शाळा मध्येच सोडून आलेली, धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली. गाडीत शंभराचं पेट्रोल टाकलं की काम भागतं. हा सल्ला अजिबात मनावर घेऊ नका. एक तर ती पोरं मराठी बोलतात, म्हणजे तुम्ही काय चुकीचं शिकवताय ते त्यांना लगेच कळणार. त्यांचे आईबाप तिथंच फडात असतात, अंधार पडताना परत येतात आणि "कोण रं तू?" म्हणून विचारतात. आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, रोज जावं लागतं. रोज! सेवेत असं बांधून घेणं बरं नाही.

तेव्हा देश निवडा. नेपाळ जवळ आहे, हिमालय दिसतो, खर्चही आवाक्यात. पण भारतीयाला तिथं व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावरसुद्धा सोडतात. पासपोर्टवर शिक्का नाही म्हणजे राजारामपुरीतल्या मावशीच्या लेखी तुम्ही परदेशी गेलाच नाहीत. कंबोडियात शिक्का मिळतो, शिवाय अंगकोर वाट आहे. सकाळी देऊळ, दुपारी अनाथ, संध्याकाळी बाजार असा दिवस झकास बसतो.

तिथं अनाथ कमी पडतील अशी धास्ती नको. २००५ साली कंबोडियात मुलांना ठेवून घेणाऱ्या १५४ संस्था होत्या, २०१० पर्यंत त्या २६९ झाल्या. मधल्या काळात युद्ध झालं म्हणाल, तर ते कधीच संपलेलं. साथ आली म्हणाल, तर तीही नाही. वाढले ते पर्यटक. हमरस्त्यावर गिऱ्हाईक दिसलं की रसवंती उभी राहते, तसं ते झालं. युनिसेफनं चौकशी केली तर त्या संस्थांमधल्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांची आई किंवा बाप, निदान एक जण तरी, जिवंत निघाला. नेपाळात हेच प्रमाण युनिसेफनं ८५ टक्क्यांच्या वर सांगितलं. तिथल्या बहुतेक संस्था काठमांडूचं खोरं, पोखरा आणि चितवन या पट्ट्यातच आहेत, म्हणजे जिथं परदेशी पाहुणे उतरतात तिथं. नेपाळी आईबाप नेमके विमानतळाच्या आसपासच मरतात, हा योगायोगच म्हणायचा.

जिवंत आईबापांची पोरं अनाथ होतात कशी, याची माहिती असलेली बरी, निबंधात उपयोगी पडते. नेपाळच्या वायव्य टोकाला हुमला नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. १९९६ ते २००६ माओवाद्यांचं युद्ध चाललेलं, पोरं उचलून नेतील ही भीती घराघरात. अशात दलाल यायचा. म्हणायचा, पोराला काठमांडूच्या चांगल्या बोर्डिंगात घालतो, शिकून मोठं होईल. बाप जमीन विकून नाहीतर कर्ज काढून पैसे द्यायचा. खाली शहरात पोचल्यावर पोराचा नवा कागद व्हायचा, त्यावर आईबाप मयत. शाळेत जायला निघालेलं पोर अनाथ म्हणून उतरायचं आणि देणगीला पात्र व्हायचं.

बोर्डिंग म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला समजावायला नको. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, आणि मग जातीजातीची वसतिगृहं उभी राहत गेली. दसरा चौकात गेलात की अजून पाट्या दिसतात. खेड्यातलं पोर यायचं, राहायचं, शिकायचं, सुट्टीला घरी जायचं. १९१७ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तेव्हा पोर शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. एवढा दूरदृष्टीचा राजा, पण गरिबाच्या पोराला शिकवायचं तर आधी त्याचा बाप कागदावर मारून टाकावा लागतो, हे काही त्यांना सुचलं नाही. उलट बापाला जिवंत धरून त्याच्याकडनंच दंड मागत बसले.

असो. पैसे घेऊन परदेशात सेवेला नेणाऱ्यांचा कार्यक्रम निवडताना 'शिकवणं' आणि 'बाळांची देखभाल' असे दोन पर्याय येतात. बाळं घ्या. बाळ प्रश्न विचारत नाही, फोटोत छान येतं, आणि पंधरा दिवसांत तुमच्यावर जीव टाकतं. तुम्ही याआधी कधी बाळ सांभाळलंय का, हे कुणी विचारणार नाही. तुमची पोलीस पडताळणीही बऱ्याच ठिकाणी कुणी करणार नाही. पैसे भरताना कार्ड चाललं की पडताळणी झाली. हीच सोय वाईट हेतूनं येणाऱ्यालाही मिळते, आणि असे लोक तिथं पकडले गेलेत. पण तुम्ही काही त्यातले नाही, मग तुम्हाला काय त्याचं?

घरी मात्र हा विषय आजीसमोर काढू नका. तुमच्या थोरल्या बहिणीचं बाळंतपण आठवतंय ना? सव्वा महिना होईपर्यंत बाळाच्या खोलीत माणूस सोडत नव्हती ती. मुंबईहून आलेल्या सख्ख्या मामाला उंबऱ्यातच अडवला होता, "आधी हातपाय धू, कापडं बदल, मग बाळाला हात लाव." अंगाला तेल लावायला एकच बाई, न्हाऊ घालायला तीच, शेक-शेगडीही तिच्याच हातची. एक दिवस ती आली नाही तर बाळानं घर डोक्यावर घेतलं होतं. या आजीला तुम्ही सांगणार, की तिकडं दर पंधरा दिवसांनी नवा माणूस येतो, बाळाला त्याची भाषा कळत नाही, त्याला बाळाचं रडणं कळत नाही, आणि बाळाला मांडीची सवय लागली की तो विमानात बसतो. ती काय म्हणेल ते इथं लिहिता येण्यासारखं नाही.

आजी शाळेत गेली नाही म्हणून अशी बोलते असं समजावं, तर शिकलेले लोकही तिच्याच बाजूचे. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट १९८९ ला कोसळली तेव्हा संस्थांमध्ये कोंबलेली हजारो मुलं जगाला दिसली. पुढं बुखारेस्टमध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी १३६ लहान मुलांचा कित्येक वर्षं अभ्यास केला. काही मुलं संस्थेत राहिली, काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून एकेका कुटुंबात ठेवलं. कुटुंबात गेलेली, त्यातही दोन वर्षांची व्हायच्या आत गेलेली, बुद्धीनं आणि माणसाशी नातं जोडण्यात पुढं निघाली. संस्थेत वाढलेल्या मुलांची आणखी एक खूण या विषयातली माणसं सांगतात. दार उघडून कुणीही अनोळखी आत आला की मूल पळत जातं आणि हात वर करतं, मला उचल म्हणून. ज्याला आपलं माणूस असतं ते मूल त्या वयात अनोळखी माणूस बघून आईच्या पदराआड जातं. इथं पदरच नाही.

तुम्हाला एवढ्या खोलात शिरायची गरज नाही. पहिल्याच दिवशी बाळ पळत येऊन गळ्यात पडलं की खाली लिहा, 'पहिल्याच भेटीत केवढी ही माया!' लाइक पडतात.

ज्यांना शिकवणंच घ्यायचंय त्यांच्यासाठी फार लिहीत नाही. 'ए फॉर ॲपल'पासून सुरुवात करा. मागच्या तुकडीनंही तिथूनच केली होती आणि पुढची तुकडीही तिथूनच करणार. त्यामुळं त्या वर्गाचं ॲपल एकदम पक्कं असतं, झेब्रापर्यंत मात्र कुणी पोचलेलं नाही. तिथला पगारी मास्तर कोपऱ्यात उभा राहून बघत असेल. त्याला दुपारी फोटो काढायला सांगा, बिचारा काढतो.

संस्थेतली मुलं फाटकी, मळकी दिसली तर हळवे व्हा, पण चौकशी करू नका. देणग्या येऊनही मुलं मुद्दाम तशीच ठेवणाऱ्या संस्था तिकडं सापडल्यात, कारण भरल्या अंगाच्या पोराला बघून पाहुण्याचा हात खिशाकडं जात नाही. तुमच्या रडण्यावर कुणाचं तरी चांगलं चाललंय, हे मनाला लावून घ्यायचं नसतं.

शंकेखोर लोक भेटतील. ते सांगतील, २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीनं संस्था भरण्यासाठी मुलं आणण्याच्या या धंद्याला आधुनिक गुलामगिरीच्या रांगेत बसवलं, डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही ठरावात याची दखल घेतली. त्यांना म्हणा, "भावा, आमचा हेतू चांगला आहे." या वाक्यावर उत्तर नाही. मी बऱ्याच वादांत बघितलंय, हेतू चांगला म्हटलं की समोरचा गप्प होतो, कारण चहा संपलेला असतो.

एक प्रसंग मात्र अवघड जाऊ शकतो, त्याची तयारी ठेवा. शेवटच्या आठवड्यात एखाद्या दुपारी फाटकाशी एक बाई दिसेल. हातात पिशवी, पिशवीत केळी नाहीतर स्वेटर. तुमच्या मांडीवरचं 'अनाथ' तिच्याकडं धावत सुटेल. गोंधळून जाऊ नका. संस्थेचा माणूस 'मावशी आहे' असं सांगेल, ते खरं धरा. तिला फोटोत घेऊ नका. आणि तिला वर्षाकाठी किती पैसे मिळाले असते तर तिनं पोर घरीच ठेवलं असतं, हा हिशोब तर मुळीच करू नका. तो फार लहान निघतो. आपल्या राज्यातली बालसंगोपन योजना बघा, मूल नातेवाइकांकडं किंवा कुटुंबातच वाढावं म्हणून महिना २,२५० रुपये देते. तुमच्या विमानाच्या तिकिटात किती महिने बसतात ते मोबाईलवर काढता येईल, पण तो मोबाईल फोटोसाठी मोकळा ठेवा. घरात आईजवळ वाढणाऱ्या पोराचं कुणी स्टेटस ठेवत नाही.

परत आल्यावर लगेच फ्लेक्सची ऑर्डर द्या, उशीर झाला की चांगली जागा जाते. पापाची तिकटीला लावा, सगळा महाद्वार रोड बघतो. दहा बाय पंधरा पुरे. मधोमध तुम्ही, कडेवर बाळ, मागं अंगकोर वाट. कलम ७४ ची काळजी करू नका, कंबोडियातलं पोर इथं तक्रार द्यायला येतंय कशाला. वर ठळक अक्षरात 'जगात भारी, कोल्हापुरी', खाली तुमचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, आणि त्याखाली शुभेच्छुक मित्रमंडळी, सगळ्यांचे गॉगल घातलेले फोटो. फ्लेक्सवाला विचारेल, कडेवरच्या पोराचं नाव काय टाकू? आठवत नसेल तर 'व इतर' म्हणा. त्याच्याकडं ते टाइप केलेलं तयारच असतं.