गोगलगाय, दोन रिव्ह्यूअर आणि ठिसूळ हाडं

गोगलगायींवर संशोधन करणाऱ्या बाईने घाई करू नये, हे मला मान्य आहे. पण जर्नलवाल्यांनी ते इतकं मनावर घ्यावं? ज्या गोगलगायींचे शंख मोजून मी पेपर पाठवला, त्यांची नातवंडं शंख मिरवू लागली, तरी पोर्टलवर आपली एकच ओळ : 'पेपर परीक्षकांकडे आहे.'

पेपरात म्हणणं एवढंच होतं, की मातीत चुना कमी असला तर शंख पातळ होतो. शंख कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो, त्यामुळे यात आभाळ कोसळण्यासारखं काही नाही. मी अभ्यासलेल्या जातीत तो किती पातळ होतो हे कुणी मोजलं नव्हतं, ते मी मोजलं.

यथावकाश उत्तरं आली. रिव्ह्यूअर एक म्हणाले, पेपर पसरट आहे, निम्मा करा. रिव्ह्यूअर दोन म्हणाले, त्रोटक आहे, आणखी काही संदर्भ घाला. सुचवलेले सगळे संदर्भ एकाच गृहस्थांचे होते. परीक्षकाचं नाव गुप्त ठेवायचा नियम आहे, म्हणून ते गृहस्थ कोण हे मला अजिबात कळलं नाही, असं धरून चालू या.

त्यांचा पुढचा प्रश्न होता : 'नर आणि मादी यांचे निष्कर्ष वेगवेगळे का दिले नाहीत?' आता या जातीची प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही. पण असं फाडकन सांगायची सोय नाही. रिव्ह्यूअरला उत्तर देण्याची एक वेगळीच भाषा आहे, लग्नात रुसलेल्या व्याह्यांशी बोलतात तशी. मी लिहिलं : 'या अत्यंत मोलाच्या मुद्द्याकडे लक्ष वेधल्याबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. ही जात उभयलिंगी असल्याचा उल्लेख शीर्षकाखालच्या सारांशात व प्रस्तावनेत होताच. आता तो आणखी ठळक केला आहे.' हे वाक्य लिहिताना किती दात-ओठ खाल्ले, ते त्यात कुठे दिसतंय का बघा.

1936 मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'ने आइन्स्टाइनचा गुरुत्वीय लहरींवरचा पेपर परीक्षकाकडे पाठवला, तेव्हा ते भडकले. छापण्याआधी तो कुणाला दाखवायची परवानगी आपण दिलीच नव्हती, असं कळवून त्यांनी पेपर परत घेतला आणि दुसऱ्या जर्नलला दिला. (परीक्षकाचं म्हणणं बरोबर होतं. पेपर अखेर छापून आला तो निष्कर्ष बदलून.) मला असं भडकणं परवडत नाही. आइन्स्टाइनची बढती अडकलेली नव्हती.

शेवटी माझा निष्कर्ष घासून घासून असा उरला : 'विशिष्ट परिस्थितीत मातीतील चुना व शंखाची जाडी यांत काही प्रमाणात संबंध असण्याची शक्यता सूचित होते.' पेपर छापून आला. वाचला कुणी ते विचारू नका. आईने वाचला, म्हणजे नाव कुठे आहे ते पाहिलं.

मग एका मासिकाच्या संपादिकाबाईंचा फोन आला. "सामान्य वाचकांसाठी लिहाल का? अगदी सोप्पं." मी लिहिलं. त्यांनी सगळ्यात आधी आलेख काढला. मग 'विशिष्ट परिस्थितीत' गेलं, 'काही प्रमाणात' गेलं, आणि 'शक्यता सूचित होते' याच्या जागी 'सिद्ध झालं आहे' आलं. ज्या शब्दांसाठी रिव्ह्यूअर दोनने माझं रक्त आटवलं होतं, ते बाईंनी चहा निवायच्या आत उडवले.

"आणि यात तुम्ही कुठे आहात?" त्यांनी विचारलं. आता पेपरात 'मी' येऊ नये म्हणून आम्ही काय काय करतो! 1975 मध्ये जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याच्या पेपरात सगळीकडे 'आम्ही' लिहून ठेवलं होतं. लेखक एकच असेल तर हे चालायचं नाही असं कळल्यावर, सगळा पेपर पुन्हा टाइप करण्याऐवजी त्याने आपलं मांजर सहलेखक केलं. एफ. डी. सी. विलार्ड या नावाने ते छापूनही आलं. आणि इथे बाई विचारतायत, "शोध लागला तेव्हा अंगावर काटा आला का?" तेव्हा मी एक्सेलमध्ये दशांशचिन्हं सारखी करत होते.

"जेरेमीसारखं काही नाही का तुमच्याकडे?" त्या म्हणाल्या. जेरेमी म्हणजे 2016 मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात आणलेली, डावीकडे वळणाऱ्या शंखाची दुर्मीळ गोगलगाय. शरीराची मांडणीच उलटी, त्यामुळे उजव्यांशी जमेना. शास्त्रज्ञांनी जाहीर आवाहन केलं, जगभर बातम्या झाल्या, दोन डावी स्थळं सांगून आली, आणि त्या दोघांनी आपसातच संसार थाटला! जेरेमीचं जमलं ते दुसऱ्या वर्षी, मरणाच्या थोडं आधी. पिल्लं निघाली ती सगळी उजवी. माझ्या गोगलगायी साध्या, सरळमार्गी. त्यांच्या घरात असली भानगड नाही.

लेख आला त्याचा मथळा होता : 'गोगलगाय सांगणार, तुमची हाडं किती बळकट!' हाडांबद्दल मी अक्षर लिहिलं नव्हतं. गोगलगायीला हाडं नसतात. तरी दोन काकूंनी गुडघ्यांसाठी सल्ला विचारला, आणि विभागप्रमुखांनी थंडपणे, "आता वैद्यकीय क्षेत्रात का?" असं विचारलं.

विभागप्रमुखांचं एक वेळ ठीक, पण परवा मला एका दंतवैद्यक परिषदेचं निमंत्रण आलं : 'आदरणीय तज्ज्ञ, आपल्या दातांवरील थोर संशोधनाने आम्ही भारावलो आहोत. भाषणाचा विषय व नोंदणी शुल्क त्वरित पाठवावे.' अशी पत्रं एरवी मी न वाचताच उडवते. पण बागेतल्या एकेका गोगलगायीच्या जिभेवर हजारो सूक्ष्म दात असतात, हे खरं आहे. शुल्क नाही पाठवलं. विषय मात्र पाठवून दिला. त्यांचं उलट उत्तर आलंय : अक्कलदाढांवरही काही बोलाल का?