केंब्रिजचा पूल न्यूटनने बांधलेला नाही, आणि बाकीचंही जरा ऐका

आत्या आणि काका मे महिन्यात लेकीकडे लंडनला जातायत, त्यात एक दिवस केंब्रिज. काल आत्याने "केंब्रिज दोन तासांत" वाला फॉरवर्ड पाठवला आणि विचारलं, तू तिथे शिकलायस ना, हे बरोबर आहे का? हाच मेसेज मला याआधी तीन ग्रुपवर आलाय, तेव्हा सोडून दिला, पण आता माझ्याच घरची माणसं त्यावर प्लॅन करतायत म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी तो पूल. मेसेज म्हणतो, क्वीन्स कॉलेजचा लाकडी मॅथेमॅटिकल ब्रिज न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला, पोरांनी कुतूहलापोटी तो सुटा केला आणि मग कुणालाच परत जोडता आला नाही, म्हणून नटबोल्ट लावावे लागले. अहो, न्यूटन गेला 1727 ला आणि पूल बांधला 1749 ला! बावीस वर्षांचा फरक, आणि हजारो लोक न तपासता पुढे ढकलतात, याचा मला खरंच राग येतो. क्वीन्स कॉलेजने, म्हणजे ज्यांचा पूल आहे त्यांनीच, आपल्या वेबसाइटवर ही गोष्ट खोटी असल्याचं स्पष्ट लिहिलंय, अजून काय पुरावा हवा? डिझाइन विल्यम एथरिजचं, बांधला जेम्स एसेक्सने. 1866 आणि 1905 मध्ये तो त्याच डिझाइनवर पुन्हा उभारला, त्यामुळे जोडता आला नाही हेही खोटं. मूळ पुलातही सांध्यांना लोखंड होतंच, फक्त बाहेरच्या बाजूने ठोकलेलं, त्यामुळे पुलावरून चालणाऱ्याला दिसायचं नाही, अफवा बहुतेक तिथूनच निघाली असावी. खरी कमाल वेगळीच आहे, सगळी लाकडं सरळ आहेत, एकही वाकवलेलं नाही, तरी कमान दिसते कारण ती कमानीच्या स्पर्शरेषांवर बसवलीत. हे सांगा ना लोकांना! सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलावरून फुकट दिसतो, झूम केलं तर बोल्टही दिसतील.

ट्रिनिटी कॉलेजच्या दारातलं सफरचंदाचं झाड, मेसेज म्हणतो तसं न्यूटनचं "तेच" नाही. न्यूटनचं झाड लिंकनशायरमध्ये त्याच्या घरी, वूल्सथॉर्पला. 1665 ला प्लेगमुळे विद्यापीठ बंद पडलं तेव्हा तो तिकडे गेला होता. ट्रिनिटीतलं त्याच झाडाच्या वंशातलं, कलम करून आणलेलं, तेव्हा नातं आहे एवढं मान्य.

"किंग्ज कॉलेजच्या चॅपलचं तिकीट म्हणजे पैसे पाण्यात, बाहेरून फोटो काढा." तिकीट महाग आहे, खरंय, आणि नदीकडून दिसणारा देखावा फुकट आहे हेही खरंय. पण 1446 ला सुरू होऊन 1515 ला पुरं झालेलं ते काम, डोक्यावर पंख्यासारखं उलगडलेलं दगडी छत, हे बाहेरून कसं दिसणार? टर्म चालू असेल तर संध्याकाळच्या इव्हनसाँगला तिकीट लागत नाही, शांत बसून प्रार्थना ऐकायची तयारी असेल तर जा.

आता आत्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. मेसेजमध्ये लिहिलंय, मे महिना बेस्ट, सगळी कॉलेजं उघडी. उलट आहे! तो परीक्षांचा काळ, बरीच कॉलेजं तेव्हा बाहेरच्यांसाठी बंद असतात. दोन तासांची बातच सोडा. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर तारीख बघूनच निघा, आणि काहीच उघडं नसेल तर फिट्झविल्यम म्युझियमला जा, तिथे तिकीट नाही.

शेवटी, "केंब्रिजला शिकलेले पहिले भारतीय म्हणजे आपले रँग्लर परांजपे." नाही हो. आनंदमोहन बोस 1874 लाच रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात, आले होते. परांजप्यांची गोष्ट त्याहून मोठी आहे, 1899 ला ते गणिताच्या परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले, म्हणजे पहिल्या नंबरात (बर्टविसल नावाच्या मुलाबरोबर विभागून), आणि हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा! त्यांचं सेंट जॉन्स कॉलेज ट्रिनिटीला लागूनच आहे, काकांना ते नक्की दाखव आत्या, बंद असलं तरी दारातून.