मारून झाल्यावर ‘जेवायला चल’

आपल्याकडे मुलाला मारल्यावर कुणी माफी मागत नाही. तासाभराने आई ताट वाढते आणि आतूनच हाक मारते, “चल, जेवून घे.” आवाजात राग थोडा शिल्लक असतो, पण चटणीवर तेलाची धार त्या दिवशी जरा सढळ पडलेली असते. पोरगं पहिल्या दोन हाकांना ढिम्म बसतं, तिसरीला उठतं. भांडण मिटलं. सोलापुरात घर मराठी बोलणारं असो, तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारं असो, ही रीत सगळीकडे तीच.

मला ही रीत आवडते, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे मी तिच्यावर थोडी टीकाही करणार आहे.

मी पूर्व भागातल्या एका शाळेत शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात. विडीची मजुरी हजारावर मिळते. मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोरा, आणि हजार पूर्ण होईपर्यंत मान वर करायची सोय नाही. त्यात पाण्याचा दिवस. सोलापूरच्या बाहेरच्यांना ‘पाण्याचा दिवस’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागेल. नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येतं, कधी त्याहून उशिरा, आणि येईल तेव्हा घरातला प्रत्येक पिंप, घागर, बादली भरून घ्यायची असते. अशा वेळी पोरगं मधे कडमडलं की धपाटा बसतोच. माझ्या अंदाजाने शहरातल्या मुलांना अभ्यासावरून जेवढा मार बसत नसेल तेवढा पाण्याच्या दिवशी बसतो.

आणि याच आयांच्या मोबाईलवर हल्ली रील येतात. मुलासमोर गुडघ्यावर बसा, त्याच्या डोळ्यांत बघा, दीर्घ श्वास घ्या, शांत आवाजात म्हणा की “मला कळतंय तुला राग आलाय.” सांगणाऱ्या ताईंच्या मागे पांढरी भिंत, कुंडीत रोप, कुठे बादली दिसत नाही. सल्ला खोटा नाही. पण तो ऐकून माझ्या वर्गातली एक आई मला म्हणाली, “मॅडम, मग आम्ही वाईटच की.” मला त्या रीलचा राग आला तो इथे. मानसशास्त्राने आईबापांना धीर द्यायला हवा होता, तिथे अपराधी वाटायची नवी सोय झाली.

मुळातलं मानसशास्त्र एवढं कडक नाहीच. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. हजारो आया-बाळं तपासलेला माणूस. १९५३ च्या एका निबंधात त्यांनी ‘पुरेशी चांगली आई’ अशी कल्पना मांडली. त्यांचं म्हणणं असं की तान्ह्या बाळाचं सगळं वेळच्या वेळी करणारी आई पुढे हळूहळू थोडी कमी पडायला लागते, आणि मुलाला सोसेल एवढं ते कमी पडणं मुलाच्या वाढीला लागतंच. एकही चूक न करणाऱ्या आईची मुलाला गरज नसते.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या एडवर्ड ट्रॉनिक यांचं. १९७८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आई बाळाशी खेळते, मग अचानक चेहरा दगडासारखा करते आणि काही मिनिटं तसाच ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आणि काहीच घडत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं किंवा रडायला लागतं. याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. बघवत नाहीत. (मोबाईलमध्ये मान घातलेल्या बापाचा चेहरा मुलाच्या बाजूने कसा दिसत असेल, ते त्यावरून ताडून बघा.) पण ट्रॉनिक यांच्या कामातला जो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, तो पुढचा आहे. साध्या, सुखी घरांतल्या आया आणि बाळंसुद्धा बराच वेळ एकमेकांशी जुळलेली नसतात. बाळाला खेळायचं असतं तेव्हा आई दमलेली असते, आई हसते तेव्हा बाळाला झोप येते. सारखं तुटतं आणि सारखं परत जुळतं. तुटलेलं पुन्हा जुळतं, हा अनुभव बाळाला मिळत राहणं महत्त्वाचं.

म्हणजे ‘जेवायला चल’.

आपल्या आज्यांनी ना विनिकॉट वाचला ना ट्रॉनिक. पण भांडण ताटावर नेऊन मिटवायचं, उपाशी पोटी कुणाला झोपू द्यायचं नाही, हे त्यांनी पक्कं धरून ठेवलं. सून चिडली की मधे पडणारी, पोराला पदराखाली घेणारी सासू सुनेला नको वाटते, ते मी समजू शकते. तरी रील दाखवून त्या म्हातारीला शहाणपण शिकवू नका. घरात परत जुळवून घ्यायचं काम बरेचदा तीच करत असते.

आता टीका. जेवायला बोलावल्याने मुलाला एवढंच कळतं की आईचा राग गेला. तो आला कशामुळे हे कळत नाही. आणि न कळलेल्या गोष्टीचं कारण लहान मूल स्वतःच तयार करतं. चार-सहा वर्षांचं मूल जगातल्या घडामोडींच्या मध्यभागी स्वतःला ठेवून विचार करतं. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हे सविस्तर मांडून ठेवलंय. पाण्याची मोटार चालली नाही, पाणी अर्ध्यात गेलं, म्हणून आई तडकली, हा हिशेब त्या वयात जमत नाही. त्याचा हिशेब सरळ असतो: मी वाईट आहे. पोट भरून, आईच्या कुशीत झोपूनही हा निष्कर्ष तसाच राहू शकतो. सहावी-सातवीतली मुलं कधीकधी सहज बोलून जातात, “माझ्यामुळेच आमच्यात भांडणं होत्यात मॅडम.” असं वाटणाऱ्या मुलाला जेवायला बोलावून पुरत नाही. दोन वाक्यं बोलावी लागतात.

वाक्यं अशी: “पाणी गेलं म्हणून माझं डोकं फिरलं होतं, तुला मारायला नको होतं. पण दारात दप्तर टाकायचं नाही ते नाहीच.” यातलं दुसरं वाक्य गाळू नका. ते गाळलं की लोक म्हणतात ना, मानसशास्त्र वाचून मुलं डोक्यावर बसवली, ते मग खरंच होतं. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात लहान मुलांच्या घरांचा अभ्यास केला आणि पालकांच्या तीन तऱ्हा सांगितल्या. एक नुसता धाक घालणारे, एक काहीही चालवून घेणारे, आणि एक माया करणारे पण नियमाला पक्के. तिसऱ्या तऱ्हेच्या घरातली मुलं जास्त जबाबदार आणि स्वतःवर ताबा असलेली दिसली. लाड हा मानसशास्त्राचा सल्ला कधीच नव्हता.

उलट मला थप्पड आणि लाड एकाच जातीचे वाटतात. रडणाऱ्या पोराला फटका देऊन गप्प केलं काय आणि हातात मोबाईल देऊन गप्प केलं काय, दोन्हींत आपल्याला आवाज बंद हवा असतो. कशाला रडतोय हे विचारायचं राहूनच जातं. आणि मुलगा असेल तर “पोरीसारखा काय रडूलालास बे?” हे वर. मुलीला रडायची सवलत आहे, पण चिडायची नाही. ती चिडली की “सासरी कसं व्हायचं हिचं.”

“आम्ही मार खाऊनच मोठे झालो, काय बिघडलं?” ही प्रतिक्रिया खाली येणारच, म्हणून उत्तर इथेच देते. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये पन्नास वर्षांतली संशोधनं एकत्र करून तपासली, त्यात एक लाख साठ हजारांवर मुलं होती. बेदम मारहाण त्यांनी बाजूला ठेवली होती, साध्या चापटीपुरतंच बघितलं. ज्या मुलांना चापट्या जास्त बसत होत्या त्यांच्यात आक्रमकपणा जास्त, मनाचे त्रास जास्त, आईवडिलांशी नातं जास्त बिघडलेलं. मूल ऐकायला लागतं असा फायदा काही सापडला नाही. शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारायला बंदीच आहे. आणि एक माझं निरीक्षण. मार खाऊन सुधारलेल्यांना चाळीस वर्षांनीही कोणत्या सरांनी कुठल्या बाकावर मारलं ते नेमकं आठवतं. गणित कोणतं चुकलं होतं, ते विचारून बघा.

ही पाश्चात्त्य फॅडं म्हणणाऱ्यांसाठी अजून एक. बालशिक्षणाचं काम करणारे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक हे गुजरातेत भावनगरात बसून हेच सांगत होते, मुलांना मारू नका, त्यांना माणूस समजा. त्यांचा नूतन बाल शिक्षण संघ १९२६ चा. शंभर वर्षं झाली.

बोलायचं कसं, हा प्रश्न मात्र खरा आहे. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत सहा माणसं असताना मुलाला बाजूला घेऊन कुठे बसणार? इथे माझा अनुभव रीलच्या उलटा आहे. डोळ्यांत डोळे घालून विचारलं की आपली मुलं मान खाली घालतात, त्यांना ते दरडावल्यासारखं वाटतं. शेजारी बसून, हाताला काम असताना ती बोलतात. शेंगा निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, गाडीवर मागे बसल्यावर. एका मुलाची अम्मा त्याला सुपाशेजारी दोरा कापायला बसवायची आणि स्वतः विड्या वळत दिवसभराचं विचारायची, निम्मं तेलुगूत, निम्मं मराठीत. पोरांना विडीच्या कामाला लावायच्या मी विरोधात आहे, हे तिला बोललेही. पण त्या अर्ध्या तासात ती आई जे करत होती, ते मी कुठल्या कार्यशाळेत पाहिलं नाही. वर्गात कुणी चिडवतं, पोटात दुखतं ते खरंतर भीतीने, हे सगळं तिला माहीत होतं. “भीती वाटली काय रे?” एवढंच विचारायची. मुलाला जे होतंय त्याला नाव मिळालं की त्याचा जोर थोडा उतरतो.

हे सगळं इतकं लावून धरायचं कारण निकालाच्या दिवसांत कळतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, आणि महाराष्ट्र त्यात सर्वात वर. प्रत्येक घटनेमागे कारणांचा गुंता असतो. एका कारणाकडे बोट दाखवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, आणि ज्या घरावर हे ओढवलं त्या घराला दोष देणं तर क्रूरपणा आहे. पण एवढं मला वाटतं की मोठी चूक झाल्यावर मूल घराकडे वळतं की घराला टाळतं, याची तयारी लहान भांडणांतच होत असते. दप्तर, सांडलेलं पाणी, हरवलेली छत्री. प्रत्येक वेळी रागानंतर परत जागा मिळाली असेल, तर नापास होऊनही घरी जाता येतं हे त्याला माहीत असतं.

आणि काही गोष्टी घरात बोलून सुटणाऱ्या नसतात. झोप उडाली, जेवण सुटलं, मित्र तोडले, आवडीचा खेळही नको झाला आणि असं दोन आठवडे चाललं, तर ‘वय तसंय’ म्हणत बसू नका. मरायची भाषा आली तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी दाखवा आणि मुलाला एकटं सोडू नका. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर रात्रंदिवस मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तिकडे गेलं म्हणजे पोरगं वेडं ठरत नाही, हे लग्नकार्यात कुजबुजणाऱ्या नातेवाइकांनाही ठणकावून सांगा.

राहिले बाप. त्यांना सगळ्यात अवघड जातं. बारा-बारा तास मागाच्या खडखडाटात उभं राहून आलेल्या माणसाचा आवाज घरीही चढाच असतो, आणि पोराला सॉरी म्हणणं म्हणजे त्याला खाली उतरल्यासारखं वाटतं. बापाने माफी मागितली तर पोरगं किंमत देणार नाही, असं पालकसभेत एकजण ठासून सांगत होते. मी त्यांना विचारलं, तुमच्या मालकाने कधी चूक कबूल केली तर तुम्ही त्याला कमी किंमत द्याल का? ते म्हणाले, “तसा मालक दाखवा आधी.” सभा हसली.

मग थोडं थांबून म्हणाले, “सॉरी-बिरी आपल्याला जमत नाही मॅडम. त्यापेक्षा मी त्याला गड्ड्याच्या जत्रेत नेतो, मोठ्या पाळण्यात बसवतो.”

“न्या की,” मी म्हटलं. “पण कशाबद्दल नेताय ते पाळण्यात बसल्यावर सांगा त्याला.”

“पाळण्यात मलाच भीती वाटते.”

“मग तेही सांगा.”