पेशीतील तंतू आणि वीज : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार सर,

‘पेशीच्या आत मोटारपंपाच्या वायरसारख्या प्रथिनांच्या तारा आहेत असे लिहून तुम्ही आपल्या यवतमाळकडच्या आठवडी बाजारांत चुंबकाचे पट्टे विकणाऱ्यांच्या हाती कोलीत देत आहात, चेतातंतूतील संदेश पेशीपटलावरून जातो, हे १९५२ सालीच सिद्ध झाले आहे,’ हा आपला आक्षेप मी लक्षपूर्वक वाचला.

१९५२च्या हॉजकिन-हक्सली या शास्त्रज्ञांच्या कामाबद्दलचे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. आपल्या बाजूने त्याहून थेट पुरावाही आहे. १९६१ साली बेकर, हॉजकिन आणि शॉ यांनी माकूळाच्या जाड चेतातंतूतील बहुतेक सगळा गर दाबून बाहेर काढला, त्या जागी पोटॅशियमयुक्त क्षाराचे द्रावण भरले, आणि तरीही संदेश धावत राहिला. तेव्हा चेतासंदेश हे आतील तंतूंचे काम नव्हे.

माझ्या लेखाचा विषय मात्र वेगळा होता. पेशीच्या आतल्या सांगाड्यातील ॲक्टिन या प्रथिनाचा तंतू जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचा असतो. त्याच्यावर ऋणभार असल्यामुळे भोवतालचे धन आयन त्याला बिलगून राहतात. एका टोकाशी विद्युत धक्का दिला असता या आयनांच्या आवरणातून लाट पुढे सरकते, असे लिन आणि कँटिएलो यांनी १९९३ साली मांडले. पुढे २००६ साली सूक्ष्मनलिका, म्हणजे त्याच सांगाड्यातील प्रथिनांच्या पोकळ नळ्या, विद्युत संकेत वाढवतात, असे निरीक्षण प्रसिद्ध झाले. यात वायरमधल्याप्रमाणे इलेक्ट्रॉन वाहत नाहीत, आणि स्थिर चुंबकाशी या प्रयोगांचा काडीचाही संबंध नाही. त्यामुळे पट्टे विकणाऱ्याला यातून कोणताही आधार मिळत नाही.

शिवाय हे सारे पेशीतून वेगळे काढलेल्या तंतूंवर झालेले काम आहे. जिवंत पेशीतील द्रवात इतके क्षार असतात की एखाद्या विद्युतभाराचा प्रभाव एका नॅनोमीटरच्या आतच ओसरतो. माझ्या मते सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे, आणि आपण तो घेतला असता तर मला अधिक आनंद झाला असता.

तंतू मोडून संकेत थांबतो का, हे पाहावे, असे आपण सुचवले आहे. पावसाळ्यात आपल्याकडे कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीत असणारे कोल्चिसिन हे विषारी द्रव्य सूक्ष्मनलिका ज्यापासून बनतात त्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून त्या जुळू देत नाही, म्हणून ते या कामी वापरता येईल. परंतु त्याच नलिकांवरून पेशीतील मालाची वाहतूकही चालते. त्यामुळे संकेत बदललाच, तर तो वीज तुटल्याने बदलला की वाहतूक थांबल्याने, हे वेगळे करून दाखवल्याशिवाय त्या प्रयोगाचा निष्कर्ष मी ग्राह्य धरणार नाही.