यंदाची कसर

आमच्या घरी थंडी आभाळातून येत नाही, माळ्यावरून येते. पहाटे उठून कोणीतरी गुपचूप पंखा बंद करतो, ओठ उलू लागतात, आंघोळीची चालढकल सुरू होते, तरीही दोन-तीन दिवस त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही, आणि मग एखाद्या सुट्टीच्या सकाळी, वर्तमानपत्र उघडून मी नुकते कुठे पाय पसरलेले असताना, पत्नी आतूनच विचारते, "अहो, ट्रंक कधी काढताय?" या वाक्यातले प्रश्नचिन्ह केवळ व्याकरणाच्या सोयीसाठी असते. उत्तर म्हणून मला स्टूल आणावे लागते.

ट्रंक माळ्यावर सर्वांत मागे असते. मागील वर्षी मीच ती, आता हिचे लवकर काम पडणार नाही अशा समाधानाने, मागे ढकललेली असते आणि मधल्या काळात तिच्यापुढे 'लागेल कधीतरी' या सदरातल्या वस्तूंची भिंत उभी राहिलेली असते. स्टूल धरायला सहा वर्षांचा मुलगा असतो, पण तो स्टुलाऐवजी माझा पाय धरतो. सूचना द्यायला खाली आई असते. चौदा वर्षांची मुलगी कानात ईअरफोन घालून, या कुटुंबाशी आपला फार लांबचा संबंध असल्यासारखी, दारात टेकून उभी असते. ट्रंक उचलताना जो 'कट्' असा आवाज होतो, तो कडीचा असल्याचे मी दरवर्षी सांगतो. तो कमरेचा असतो.

हा खटाटोप केवळ उबेसाठी असता, तर कपडे लागतील तसे एकेक काढता आले असते. पण मुलीच्या पहिल्या थंडीत आम्ही सर्वांनी लोकरीचे कपडे घालून घरातच एक फोटो काढला, तो बरा आला, आणि तेव्हापासून ज्या दिवशी ट्रंक उघडेल त्याच दिवशी सर्वांनी नटूनथटून एका सोफ्यावर बसायचे, असा दंडक पडून गेला. आमच्या सोफ्यावर पाच माणसे मावतात. पाच माणसे आणि त्यांचे पाच स्वेटर मावत नाहीत.

झाकण उघडले की सर्वांत आधी बाहेर येतो तो डांबराच्या गोळ्यांचा वास. पत्नीने ठेवताना बारा गोळ्या मोजून ठेवल्या होत्या आणि काढताना चारच निघाल्या, त्याही झिजून मण्याएवढ्या झालेल्या. मुलाला यात चोरीचा वास आला. मी त्याला समजावून सांगितले की या गोळ्या नॅप्थलीनच्या असतात, नॅप्थलीन दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळते म्हणून त्यांना डांबराच्या गोळ्या म्हणतात, आणि हा पदार्थ बर्फासारखा आधी पाणी आणि मग वाफ असा रीतसर प्रवास न करता एकदम वायूच होतो. याला संप्लवन म्हणतात. मुलाने थोडा विचार केला.

"म्हणजे त्या गोळ्या आता वासात आहेत?"

"हो."

"आणि वास आपल्या नाकात आहे?"

"हो."

"म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून आठ गोळ्या खाल्ल्या?"

या तर्कात मला खोट काढता आली नाही. पत्नीने मात्र तत्काळ सगळ्या खिडक्या उघडल्या. तिचे मोजणे हा काही कंजूषपणा नव्हे. लहान मुलाने अशी गोळी खाऊ समजून गिळली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, म्हणून रोखपाल नोटा मोजतो तशी ती गोळ्या मोजते. वास्तविक असे कपडे अंगावर घालण्यापूर्वी निदान दिवसभर मोकळ्या हवेत टाकले पाहिजेत. फोटोपायी आम्ही तो दिवस तासाभरावर आणला आणि तेवढा तास सर्वजण शिंकत बसलो.

त्या तासात कसरीचे प्रकरण उघडकीस आले. ट्रंकेच्या एका कोपऱ्यात माझा राखाडी मफलर होता. आईने विणलेला, सुलट-उलट टाक्यांचा, आणि माझ्या मते ट्रंकेतली एकमेव दर्जेदार वस्तू. पत्नीने तो झटकून उजेडात धरला, तेव्हा एका टोकाशी एक भोक दिसले आणि त्या भोकातून पलीकडचा मुलगा दिसला. त्याने लगेच त्यात बोट घातले. बोट आरामात आरपार गेले.

"कसर लागली," आई म्हणाली. एखाद्याचा आजार पाहताक्षणी ओळखणाऱ्या वैद्याचा स्वर होता तो.

अशा प्रसंगी माहिती असलेल्या माणसाने गप्प बसावे, हे मला आज कळते. तेव्हा मी सांगू लागलो की दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगावर लोक विनाकारण संशय घेतात, कारण कपडे खाणाऱ्या जातीला, म्हणजे कसरीला, मुळात उजेडच सोसत नाही. तिचा पूर्ण वाढलेला पतंग तर काहीच खात नाही, त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. खाते ती त्याची अळी, आणि तिला लागते केराटिन, म्हणजे लोकरीत असते आणि आपल्या नखांत व केसांत असते ते प्रथिन. येथे सर्वांची नजर एकदम माझ्या टाळूकडे गेली. मुलगी त्या दिवशी प्रथमच हसली. विषय बदलण्यासाठी मी पुढचे वाक्य बोललो आणि तेच मला भोवले. मी म्हणालो, "अळीसुद्धा धुतलेल्या, स्वच्छ लोकरीच्या फारशी वाटेला जात नाही. घामाचा किंवा खाण्यापिण्याचा डाग असेल तिथे ती आधी तोंड घालते."

पत्नीने मफलर खाली ठेवला. "म्हणजे हा न धुता ठेवला होता."

"मी स्वतः धुतला होता," मी म्हणालो. वकिलाचा सल्ला न घेता दिलेला जबाब होता तो.

आईने आपल्या वयाचा मान राखून निकाल लांबणीवर टाकला. "आधी फोटो होऊ दे," ती म्हणाली, आणि आम्ही पोशाखाकडे वळलो.

आमच्या आईचे विणकाम एकाच सूत्रावर चालते: 'वाढत्या अंगाचे'. लहान मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते, ही गोष्ट तिला कोणत्याही तक्त्याशिवाय ठाऊक असल्यामुळे ती स्वेटर दोन वर्षांपुढचा विणते. पहिल्या वर्षी त्याच्या बाह्यांतून हात सापडत नाहीत. दुसऱ्या वर्षी त्या तीनदा दुमडाव्या लागतात. तिसऱ्या वर्षी स्वेटर अंगाला अगदी बेतल्यासारखा बसतो, पण तोवर थंडी सरत आलेली असते. आणि चौथ्या वर्षी ट्रंक उघडते तेव्हा मुलाची मनगटे बाहेर येऊन त्याच स्वेटरकडे आश्चर्याने पाहत असतात. यंदाचे वर्ष चौथे होते. डोके गळ्यात अडकले आणि आतून दबलेला आवाज आला, "बाबा, मला दिसत नाही." मी वरून ओढले, पत्नीने खालून ओढले, आणि मध्ये कुठेतरी असलेल्या मुलाने आपल्याला नेमके कोणत्या दिशेला जायचे आहे असे विचारले. अखेर स्वेटर निघाला तो तडतड आवाज करत, आणि त्याच्यामागोमाग मुलाचे सारे केस उभे राहिले. थंडीतल्या कोरड्या हवेत घासण्याने साठलेला विद्युतभार चटकन निघून जात नाही, एवढेच त्याचे कारण. पण मुलाला ते कारण सांगताच त्याने बहिणीच्या कानाला बोट लावून पाहिले. ठिणगी पडली. पुढची दहा मिनिटे दोघांचे भांडण मिटवण्यात गेली, आणि ज्ञानदान थोडे आवरते घ्यावे असे पत्नीने सुचवले.

अंग माझेही वाढतेच आहे, फक्त उभे नव्हे. माझ्या जाकिटाची चेन पोटापाशी येऊन थांबली, हे अपेक्षितच होते. परंतु पत्नीच्या फिक्या मोतिया रंगाच्या जाकिटाचीही थांबली, तेव्हा मला कर्तबगारी दाखवायची संधी दिसली. तिची चेन केवळ जाम झाली होती. चेनच्या दोन्ही बाजूंचे दात एकमेकांत अडकवत जाणारा हा बंद गिडियन सुंडबॅक या स्वीडिश वंशाच्या अमेरिकी अभियंत्याने इतका पक्का करून ठेवला आहे, की त्याच्या १९१७ सालच्या पेटंटापासून आजतागायत त्याच्या रचनेत मोठा फरक करण्याची गरज पडलेली नाही. फरक पडतो तो दातांवर धूळ बसली की. अशा वेळी त्यांवर पेन्सिलीचे टोक घासावे. पेन्सिलीतले ग्रॅफाइट वंगणाचे काम करते. मी घासले. चेन लोण्यासारखी वर गेली आणि तितक्याच सहज खाली आली. ती खालीवर होताना जाकिटावर गळ्यापासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंनी राखाडी पट्टे उमटत गेले, हे माझ्या लक्षात येण्याआधी सर्वांच्या लक्षात आले होते. पत्नी काही बोलली नाही. तिने शाल घेतली.

राहिली मुलगी. तिने आजीने विणलेले, आत्याने पाठवलेले आणि स्वतः हट्टाने घेतलेले असे तिन्ही स्वेटर, त्यांत आपण 'बोचक्यासारखे' दिसतो या एकाच कारणावरून, फेटाळले. आणि मग तिने ट्रंकेच्या तळातून एक निळी वस्तू ओढून काढली. ती ओळखताच माझ्या पोटात गोळा आला. तो माझा सर्वांत महागडा लोकरी स्वेटर होता, किंवा कधीकाळी होता. मागील हंगामाच्या शेवटी, घरात कोणी नसताना, मदत करण्याच्या निर्मळ हेतूने मी तो धुलाईयंत्रात गरम पाण्यात फिरवला होता. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. ऊन पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत असे रुततात की पुन्हा सुटत नाहीत. नमदा, म्हणजे न विणता लोकर घट्ट दाबून केलेले जाड कापड, याच पद्धतीने मुद्दाम तयार करतात. मी तो अनवधानाने तयार केला होता आणि तळाशी, वर्तमानपत्राखाली, पुरला होता. मुलीने तो डोक्यावरून घातला. स्वेटर कमरेच्या वरच संपला, बाह्या कोपरांशी आल्या. मी शरणागतीचे वाक्य जुळवत होतो, तोच ती आरशासमोर वळून म्हणाली, "हा कुणाचाय? कसला भारी आहे! बाबा, असा मिळत नाही कुठे."

मी नम्रपणे सांगितले की असा मिळत नाहीच, करावा लागतो. पत्नीने एकदा स्वेटरकडे, एकदा धुलाईयंत्राकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. पण मुलगी आपण होऊन फोटोला तयार झाली, हा लाभ इतका दुर्मीळ होता की त्यापुढे तिने तो गुन्हा दप्तरी दाखल करून घेतला नाही.

आम्ही बसलो. मुलगा बहिणीच्या जुन्या लाल स्वेटरमध्ये, पत्नी शालीत, आई कानटोपीत, मुलगी माझ्या नमद्यात आणि मी भोक मानेमागे जाईल अशा बेताने गुंडाळलेल्या मफलरमध्ये. मोबाईल पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला होता आणि तो दहा आकडे मोजणार होता. सातव्या आकड्याला मुलाला डांबराची शिंक आली. दुसऱ्या वेळी आईने, अंक मोजणाऱ्या यंत्राला कोणीतरी साथ द्यावी म्हणून, स्वतःच मोठ्याने मोजायला सुरुवात केली आणि फोटोत तिचे तोंड 'नऊ' म्हणताना आले. तिसरा फोटो बरा आला. आम्ही सर्वजण त्यात घामाघूम दिसतो, एवढेच.

"गेल्या वर्षीचा काढ बरं," आई नातीला म्हणाली. "किती मोठी झालीत पोरं, ते बघू."

हे वाक्य ऐकून मला आनंद झाला, हे मी कबूल करतो. गेल्या वर्षीच्या फोटोत तोच मफलर धडधाकट दिसला असता आणि माझी बाजू आपोआप बळकट झाली असती. मुलीने फोटो शोधला, आणि आमच्या घरात फोटो पाहण्याची जी रीत आहे त्याप्रमाणे दोन बोटांनी तो मोठा करत आधी स्वतःला पाहिले, मग भावाला हसली, मग बाजूला सरकत सरकत माझ्यापर्यंत आली. मी हातात चहाचा कप घेऊन बसलो होतो. कप किंचित कलला होता. मफलरचे टोक कपाच्या अगदी जवळ होते आणि त्यावर, राखाडी लोकरीवर, एक तपकिरी गोल स्पष्ट दिसत होता.

मुलाने माझ्या गळ्यातला मफलर ओढून काढला, भोकात बोट घातले आणि ते बोट मोबाईलच्या काचेवरच्या त्या गोलावर नेऊन टेकवले.

"इथंच आहे!" तो म्हणाला.

मफलर सध्या फ्रीजरमध्ये आहे. अळ्या आणि अंडी मरावीत म्हणून लोकरीचा कपडा पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवावा लागतो, ही माहितीही दुर्दैवाने मीच पुरवली होती. त्यामुळे या घरात थंडीचा कडाका सर्वांत आधी त्यालाच अनुभवायला मिळाला. आईने सुया आणि लोकरीचे गुंडे काढून दुसरा विणायला घेतला आहे.

"या वेळी गडद रंग घेतलाय," ती परवा पत्नीला सांगत होती. "डाग पडला तरी दिसायचा नाही."

"आपल्याला नाही दिसणार, आई," पत्नी म्हणाली. "कसरीला दिसेल."

आईने हातातली वीण माझ्या मानेला लावून पाहिली, लांबी मनाशी मोजली, आणि वाढत्या अंगाचा असावा म्हणून आणखी वीतभर विणायला बसली.